बिझनेस लॉचं जुनं पुस्तक चालेल का? एकाच प्रश्नाची तीन उत्तरं का येतात?

समजा, एका ग्राहकाने 60 लाख रुपये भरून फ्लॅट बुक केला. बिल्डरने ताबा दिलाच नाही. ग्राहकाने पैसे परत मागितले आणि वर 50 लाखांची नुकसानभरपाईही मागितली. आता त्याने तक्रार कुठे करायची? जिल्हा पातळीवर, राज्य आयोगात की थेट राष्ट्रीय आयोगात?

बी.कॉम. किंवा बीबीएच्या पेपरात सहज येऊ शकेल असा हा प्रश्न आहे. गंमत अशी, की उत्तर कुठल्या वर्षीच्या पुस्तकात शोधलं यावर ते बदलतं.

2018 साली छापलेलं पुस्तक सांगेल, राष्ट्रीय आयोग. 2021च्या मध्यावर आलेलं पुस्तक सांगेल, जिल्हा आयोग. आणि आजचं बरोबर उत्तर आहे, राज्य आयोग.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतात. सीनियरकडून तर फुकटातच येतात. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोट्सच्या पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत असतात. पैसे वाचतात, यात वाद नाही. पण बिझनेस लॉ आणि पर्यावरण अर्थशास्त्र या दोन विषयांत जुन्या पुस्तकातली नेमकी कोणती पानं चालतात आणि कोणती चालत नाहीत?

सोप्या भाषेत समजून घेऊया.

एका फ्लॅटची तीन उत्तरं कशी?

1986च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू किंवा सेवेची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज केली जायची. आपल्या उदाहरणात 60 अधिक 50, म्हणजे 1 कोटी 10 लाख. तेव्हा 20 लाखांपर्यंत जिल्हा मंच, 20 लाख ते 1 कोटी राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी विभागणी होती. म्हणून हे प्रकरण थेट दिल्लीला जायचं.

मग 2019चा नवा कायदा आला. तो जुलै 2020 पासून लागू झाला. त्याने दोन गोष्टी बदलल्या. एक, भरपाईचा आकडा मोजायचा नाही, ग्राहकाने प्रत्यक्षात दिलेली किंमतच बघायची. दोन, मर्यादा वाढवल्या. जिल्ह्याला 1 कोटीपर्यंत, राज्याला 10 कोटींपर्यंत. 60 लाखांचा फ्लॅट त्यामुळे जिल्हा आयोगाकडे आला.

हेही फार दिवस टिकलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने नवे नियम काढून या मर्यादा खाली आणल्या. आता 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 50 लाख ते 2 कोटी राज्य आयोग आणि 2 कोटींच्या वर राष्ट्रीय आयोग. त्यामुळे 60 लाखांचं प्रकरण आज राज्य आयोगात जातं.

म्हणजे 'नवीन कायद्यानुसार' असं ठळक अक्षरात छापलेलं 2021चं पुस्तकही इथे चुकू शकतं. कायदा तोच आहे, त्याखालचे नियम बदलले आहेत.

हे फक्त परीक्षेपुरतं आहे का?

अजिबात नाही. लातूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने बेंगळुरूच्या कंपनीकडून ऑनलाइन लॅपटॉप मागवला आणि तो खराब निघाला, तर जुनं पुस्तक वाचून तिला वाटेल, की तक्रार करायची तर कंपनीचं ऑफिस जिथे आहे किंवा व्यवहार जिथे झाला तिथेच जावं लागेल.

2019च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे लातूरमध्येच. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. त्यासाठी आधी 'ई-दाखिल' पोर्टल होतं, 2025 पासून 'ई-जागृती' आलं आहे.

जुन्या पुस्तकात न सापडणारे मुद्दे आणखीही आहेत. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारी, एकतर्फी अन्यायकारक करार, ई-कॉमर्सचे नियम आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, हे सगळं 2019च्या कायद्यासोबत आलं. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर या प्राधिकरणाला 10 लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. हा दंड जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही होऊ शकतो.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. पुस्तकात 'जिल्हा मंच' किंवा 'डिस्ट्रिक्ट फोरम' असं लिहिलं असेल, तर ते प्रकरण जुनं आहे. आता त्याला 'जिल्हा आयोग' म्हणतात.

मग 1872चा करार कायदा कसा काय चालतो?

इथे गोष्ट उलटी आहे. बिझनेस लॉच्या पुस्तकातलं पहिलं आणि सगळ्यात जाड प्रकरण म्हणजे भारतीय करार कायदा. तो 1872चा आहे आणि त्याचा गाभा आजही तसाच आहे.

प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, मुक्त संमती, पक्षकारांची पात्रता, कायदेशीर उद्देश. हा क्रम आजोबांच्या पुस्तकात होता, तोच आज आहे. अज्ञान व्यक्तीशी, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली 'मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष' खटल्यात सांगितलं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी परीक्षेत हाच खटला लिहायचा असतो.

या कायद्यात एक विचित्र गोष्ट दिसते. कलम 75 नंतर थेट कलम 124 येतं. पुस्तकातली पानं गळाली, असं वाटतं. तसं नाही. मधली कलमं मालविक्रीची होती. ती काढून 1930 साली वेगळा मालविक्री कायदा केला. शेवटची भागीदारीची कलमं 1932च्या भागीदारी कायद्यात गेली.

म्हणून करार आणि मालविक्री या दोन प्रकरणांसाठी जुनं पुस्तक बहुतेक ठिकाणी चालतं. उलट काही जुन्या पुस्तकांत उदाहरणं जास्त आणि समजावून सांगणं निवांत असतं.

एक अपवाद आहे. कराराचा भंग झाला तर 'करार प्रत्यक्ष पूर्ण करा' असा आदेश देणं हे पूर्वी न्यायालयाच्या मर्जीवर होतं. 2018 साली विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही मर्जी बरीच कमी झाली. 'कराराच्या भंगावरील उपाय' या भागात ही दुरुस्ती नसेल, तर तेवढं पान नव्याने वाचायला हवं.

चेक बाउन्स: जास्त चुका इथेच

चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम 138 मूळ 1881च्या कायद्यात नव्हतं. ते 1989 पासून लागू झालं आणि त्यानंतर या प्रकरणाला ठिगळं लागतच गेली.

- चेकची मुदत: जुन्या पुस्तकात 6 महिने. रिझर्व्ह बँकेच्या निर्णयामुळे 1 एप्रिल 2012 पासून 3 महिने.
- नोटीस पाठवण्याची मुदत: आधी 15 दिवस. 2002च्या दुरुस्तीनंतर, चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवस.
- शिक्षा: आधी 1 वर्षापर्यंत कैद. आता 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- अंतरिम भरपाई: 2018च्या दुरुस्तीपासून खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला न्यायालय सांगू शकतं.

सगळ्यात गोंधळाचा मुद्दा म्हणजे खटला कुठे दाखल करायचा. ऑगस्ट 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सांगितलं, की चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथे. त्यामुळे सोलापूरच्या व्यापाऱ्याला दिल्लीच्या गिऱ्हाइकाने खोटा चेक दिला, तर व्यापाऱ्यालाच दिल्ली गाठावी लागणार होती.

2015 साली संसदेने कायदाच बदलला. आता चेक खात्यात भरला असेल, तर तो घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयात खटला चालतो. पण 2014-15 मध्ये छापलेल्या पुस्तकांत राठोड खटला 'ताजा निर्णय' म्हणून चौकटीत सापडू शकतो. तो वाचून उत्तर लिहिलं, तर ते नेमकं उलटं येईल.

भागीदार किती? 20 की 50?

हा एक मार्काचा आवडता प्रश्न. जुन्या पुस्तकात बँकिंग व्यवसायासाठी 10 आणि इतर व्यवसायासाठी 20 भागीदारांची मर्यादा दिलेली असते. ती 1956च्या कंपनी कायद्यातून आली होती. 2013चा कंपनी कायदा आणि त्याखालचे 2014चे नियम आल्यावर ही मर्यादा 50 झाली.

कंपन्यांचंही तसंच. खासगी कंपनीत सभासद जास्तीत जास्त 50 असं लिहिलं असेल तर ते जुनं आहे, आता 200 चालतात. एका व्यक्तीची कंपनी ही कल्पना 1956च्या कायद्यात नव्हतीच. खासगी कंपनीला किमान 1 लाख रुपये भरणा झालेलं भांडवल लागतं, हे वाक्यही 2015 नंतर लागू नाही.

कामगार कायद्यांचं प्रकरण अगदी अलीकडे बदललं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि 29 केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. किमान वेतन कायदा 1948, ग्रॅच्युइटी कायदा 1972, औद्योगिक विवाद कायदा 1947 ही नावं पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं म्हणून असतील, तर ते पुस्तक या बदलाआधीचं आहे. फरक कागदावरचा नाही. ठराविक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळू शकतो. पहिली नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ही ओळ परीक्षेनंतरही उपयोगी पडणारी आहे.

कॉमर्सच्या पोरांना पर्यावरण कशाला?

22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्यासाठीचं पुस्तक पुण्यातल्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेत तयार झालं होतं.

पर्यावरण अर्थशास्त्र हा त्याच्या एक पाऊल पुढचा विषय. प्रदूषण वाईट आहे, हे सांगून तो थांबत नाही. त्याची किंमत कोण मोजतं, असं विचारतो. कारखान्याने नदीत सांडपाणी सोडलं, तर त्याचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो खालच्या गावातल्या दवाखान्याच्या बिलात आणि मासेमाराच्या रिकाम्या जाळ्यात दिसतो. अर्थशास्त्रात याला बाह्यता म्हणतात.

इथेही पुस्तकाचे दोन भाग पडतात. सिद्धांत टिकतात, दाखले शिळे होतात.

प्रदूषणावर कर लावा, हा पिगू यांचा विचार 1920च्या ग्रंथातला. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च येत नसेल तर दोन्ही पक्ष आपसात तोडगा काढू शकतात, हा कोस यांचा मुद्दा 1960चा. सामायिक कुरण सगळे मिळून उजाड करतात, हा हार्डिन यांचा लेख 1968चा. आणि नेहमीच तसं होत नाही, लोक स्वतः नियम करून सामायिक संपत्ती सांभाळतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

ऑस्ट्रॉम समजून घ्यायला परदेशातलं उदाहरण लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा आणि कोणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवते. हार्डिन यांच्या गोष्टीला मिळालेलं हे मराठी मुलुखातलं उत्तर आहे.

कोळशाचा कर, जो आता नाही

पिगू कराचं भारतीय उदाहरण म्हणून अनेक पुस्तकांत कोळशावरचा उपकर दिलेला असतो. तो जुलै 2010 मध्ये टनामागे 50 रुपयांनी सुरू झाला आणि 2016 पर्यंत 400 रुपयांवर गेला. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर त्याचा भरपाई उपकर झाला. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला आणि टनामागचा हा उपकर काढून टाकला.

अर्थशास्त्राच्या नजरेने हा मोठा फरक आहे. टनामागे 400 रुपये हा कर कोळशाच्या वजनावर होता. हलक्या प्रतीचा स्वस्त कोळसा असो की महाग, कर तेवढाच. टक्क्यांतला कर किमतीवर लागतो, म्हणजे स्वस्त कोळशावर कमी. आणि हलक्या प्रतीच्या कोळशात राख जास्त असते. 'प्रदूषणावर कर' आणि 'किमतीवर कर' यांत काय फरक, या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण ते जुन्या पुस्तकात अर्धंच आहे.

प्रदूषणाच्या परवान्यांची खरेदी-विक्री हा धडाही असाच. जुनी पुस्तकं अमेरिका आणि युरोपवर थांबतात. भारतात मात्र 2019 साली सुरतमध्ये कारखान्यांच्या धुरातल्या धूलिकणांसाठी असा बाजार सुरू झाला. त्याच्या अभ्यासात सहभागी कारखान्यांचं प्रदूषण 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. देशाची कार्बन क्रेडिट व्यापार योजना 2023 साली अधिसूचित झाली.

दोन्ही विषय जिथे भेटतात

पर्यावरण संरक्षण कायदा 1986, कलम 15. बिझनेस लॉच्या आणि पर्यावरणाच्याही पुस्तकात हे कलम असतं. जुन्या पुस्तकात लिहिलंय: 5 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड.

2023च्या जनविश्वास कायद्याने हे बदललं. 1 एप्रिल 2024 पासून उल्लंघनासाठी कैदेऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे आणि तो न्यायालय नव्हे, तर नेमलेला अधिकारी ठरवतो. दंड भरलाच नाही, तर पुढे तुरुंगाची तरतूद आहे.

आता यातलं अर्थशास्त्र बघा. समजा, एका कारखान्याला सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवायला वर्षाला 40 लाख रुपये लागतात. ते बंद ठेवलं तर पकडलं जाण्याची शक्यता पाचात एक आहे आणि दंड जास्तीत जास्त 15 लाख. म्हणजे सरासरी धरलं तर वर्षाला 3 लाखांचा धोका. 40 लाख वाचवायला 3 लाखांचा धोका. निव्वळ हिशेबच करणारा मालक काय करेल?

मग बदल चुकीचा होता का? याची दुसरी बाजूही आहे. तुरुंगाची शिक्षा द्यायची तर फौजदारी खटला चालवावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो. शिक्षा कडक पण होतच नसेल, तर तिचा धाक राहत नाही. छोटा दंड पण लगेच, हे कधी कधी जास्त परिणामकारक ठरतं.

आणि दंड हा एकच उपाय नाही. याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. राष्ट्रीय हरित लवाद, ज्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, नुकसानीची भरपाई वसूल करू शकतो. 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग मानलं आहे. हे सगळं हिशेबात धरलं, की मालकाचं 3 लाखांचं गणित बदलतं.

असा वाद वर्गात व्हायला हवा. पण ज्याच्या पुस्तकात अजून '5 वर्षं कैद' आहे, त्याला हा वाद आहे हेच कळणार नाही.

पुस्तक घेताना पाच मिनिटांत काय तपासायचं?

- मुखपृष्ठावरचं वर्ष बघू नका. आतलं पान उलटा, तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण असं वेगळं लिहिलेलं असतं. 'पुनर्मुद्रण 2024' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असू शकतो. आवृत्ती कधीची, ते महत्त्वाचं.
- ग्राहक प्रकरण उघडा. 2019 दिसतं का? 50 लाख आणि 2 कोटी हे आकडे दिसतात का?
- चेकच्या प्रकरणात कलम 143-अ आहे का? नसेल तर ते 2018 आधीचं.
- भागीदारांची मर्यादा 50 आहे का?
- पर्यावरण कायद्यात जनविश्वास कायद्याचा उल्लेख आहे का?

पाचही ठिकाणी नापास झालेलं पुस्तकही फेकून देण्याची गरज नाही. करार, मालविक्री आणि अर्थशास्त्राचे सिद्धांत त्यातूनच वाचा. बदललेल्या प्रकरणांसाठी केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर कायद्यांचा दुरुस्त्यांसह मजकूर फुकट मिळतो. त्यातली नवी कलमं वहीत उतरवून पुस्तकाच्या पानाला चिकटवली, तर अर्ध्या किमतीचं पुस्तक पूर्ण कामाचं होतं.

परीक्षेत काय लिहायचं?

आधी आपल्या विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम बघा. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू होत गेलं, त्यामुळे पेपरांची नावं आणि प्रकरणंही बदलली आहेत. सीनियरचं पुस्तक ज्या अभ्यासक्रमाचं आहे, तो आता आहे का, हाच पहिला प्रश्न.

अभ्यासक्रमात जुन्या कायद्याचं नाव राहिलं असेल, तर शिक्षकांना आधीच विचारून घेणं चांगलं. उत्तरात वर्षासह आजची तरतूद लिहायची आणि आधी काय होतं ते एका ओळीत सांगायचं. 'पूर्वी 20, आता 50' असं लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला कुठेही अडवत नाही.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोट्सची पीडीएफ पुढे पाठवण्याआधी ग्राहक कायद्याचं पान एकदा उघडून बघा. त्यात 'जिल्हा मंच' लिहिलेलं असेल, तर पीडीएफसोबत एक ओळ जोडून पाठवा: हे प्रकरण जुनं आहे, 2019चा कायदा आणि 2021चे नियम वेगळे वाचा.